पंधरा हजार लिटर, पंधरा मिलिग्रॅम : आडोल्फ बुटेनान्ट आणि कच्च्या मालाचा प्रश्न

१९३१ साली जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात २८ वर्षांच्या एका रसायनशास्त्रज्ञाने पांढऱ्या स्फटिकांचा जो साठा हाती घेतला, त्याचे वजन सुमारे १५ मिलिग्रॅम, म्हणजे साखरेच्या मोजक्या दाण्यांइतके होते. तेवढ्यासाठी पुरुषांचे सुमारे १५,००० लिटर मूत्र लागले होते. उन्हाळ्यात आपल्याकडे गावोगावी फिरणारा पाण्याचा मोठा टँकर १०,००० लिटरचा धरला, तर हे दीड टँकर झाले. ते मूत्र बर्लिनच्या पोलिसांच्या बराकींमधून गोळा केलेले होते. पोलीस निवडण्यामागचे व्यावहारिक कारण सहज लक्षात येते : निरोगी, तरुण, एकाच छपराखाली राहणारे आणि शिस्तीने एकाच पिंपात लघवी करतील असे पुरुष एवढ्या संख्येने दुसरीकडे कुठे मिळणार? लिटरमागे हाती आलेला पदार्थ साधारण एक मायक्रोग्रॅम होता, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. या पदार्थाला अँड्रोस्टेरोन हे नाव मिळाले. शुद्ध स्वरूपात वेगळे काढले गेलेले ते पहिले पुरुषी लैंगिक संप्रेरक होते.

हा रसायनशास्त्रज्ञ म्हणजे आडोल्फ बुटेनान्ट. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले आणि १९६० ते १९७२ या काळात ते माक्स प्लांक संस्थेचे अध्यक्ष, म्हणजे पश्चिम जर्मनीतील विज्ञानाचा सर्वांत वजनदार आवाज होते. त्यांचे चरित्र अनेक अंगांनी सांगता येईल. या प्रकरणात मी एकच धागा धरला आहे. डोंगराएवढ्या कच्च्या मालातून चिमूटभर शुद्ध पदार्थ काढणे हे त्यांचे आयुष्यभराचे कौशल्य होते, आणि तो डोंगर कोण आणून देतो, कुठून आणतो, त्याच्या बदल्यात काय घेतो, हा प्रश्न त्यांच्या बाबतीत प्रत्येक दशकात नव्या रूपाने उभा राहतो.

ग्योटिंगेनपर्यंत

बुटेनान्ट यांचा जन्म २४ मार्च १९०३ रोजी लेहे या गावी झाला. उत्तर समुद्राजवळचे हे गाव आज ब्रेमरहाफेन शहराचा भाग आहे. मारबुर्ग येथे रसायन आणि जीवशास्त्र शिकून ते ग्योटिंगेनला आडोल्फ विंडाउस यांच्या प्रयोगशाळेत आले. विंडाउस हे कोलेस्टेरॉल आणि त्याच्या कुळातील पदार्थांचे, म्हणजे स्टेरॉलांचे, त्या काळचे सर्वांत मोठे जाणकार होते, आणि त्या कामासाठी त्यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बुटेनान्ट यांचा १९२७ चा डॉक्टरेटचा प्रबंध मात्र रोटेनोन या वनस्पतिजन्य कीटकनाशकावर होता. रसायन आणि जीवशास्त्र या दोन्ही विषयांत सारखा हात असलेला विद्यार्थी त्या काळच्या जर्मनीत सहसा आढळत नसे, आणि पुढच्या कामात नेमके हेच त्यांच्या उपयोगी पडले.

पहिला पुरवठादार

बर्लिनमध्ये १९२७ साली झेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक या दोन वैद्यकीय संशोधकांनी गर्भवती स्त्रियांच्या मूत्रात स्त्री-संप्रेरके मोठ्या प्रमाणात असतात असे दाखवून दिले होते. त्याआधी जो तो प्राण्यांच्या अंडाशयांमागे होता. अंडाशय कत्तलखान्यातून मिळवावे लागत, महाग पडत आणि त्यांतून निघणारा पदार्थ अत्यल्प असे. मूत्र फुकट मिळते आणि रोज मिळते. या एका निरीक्षणाने संप्रेरकांच्या रसायनाचे अर्थकारण पालटले, हे मुद्दाम नोंदवायला हवे, कारण नोबेलची गोष्ट सांगताना या दोघांचा उल्लेख बहुधा एका ओळीत आटोपतो. दोघेही ज्यू होते आणि १९३३ नंतर दोघांनाही जर्मनी सोडावी लागली.

बर्लिनच्याच शेरिंग-कालबाउम या औषध कंपनीला स्त्री-संप्रेरकाचे औषध करायचे होते, परंतु तो पदार्थ रासायनिकदृष्ट्या काय आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. कंपनीचे संशोधनप्रमुख वाल्टर श्योलर विंडाउस यांच्याकडे गेले आणि विंडाउस यांनी आपल्या तरुण सहायकाचे नाव सुचवले. कंपनी मूत्रापासून तयार केलेला अर्क पाठवणार आणि बुटेनान्ट त्यातून शुद्ध पदार्थ काढणार, अशी ही व्यवस्था ठरली. त्यामुळे ग्योटिंगेनला मूत्राची पिंपे क्वचितच पोचली. पोचला तो दाट, काळपट, आधीच कितीतरी पटींनी आटवलेला तेलकट अर्क. प्रयोगशाळेचा खर्च, कच्चा माल आणि प्राथमिक निष्कर्षण कंपनीचे, बुद्धी आणि हात बुटेनान्ट यांचे, आणि निघणाऱ्या पेटंटांवर कंपनीचा हक्क असा तो सौदा होता. आज विद्यापीठ आणि उद्योग यांच्या सहकार्याविषयी जी चर्चा होते, तिच्यातले जवळजवळ सगळे मुद्दे या सौद्यात बीजरूपाने सापडतात.

आता अडचण अशी होती की, काळ्या अर्कात हवा तो पदार्थ आहे की नाही हे कळणार कसे? रंग नाही, वास नाही, ओळखीची रासायनिक प्रतिक्रिया नाही. इथे उंदीर कामाला आले. अमेरिकेत एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी १९२३ साली एक जैविक चाचणी बसवली होती. अंडाशय काढलेल्या मादी उंदराला अर्क टोचायचा आणि काही वेळाने योनीतील पेशींचा लेप सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. पेशी माजाच्या काळात दिसतात तशा चपट्या, कडक झालेल्या दिसल्या तर अर्कात संप्रेरक आहे. किती कमी अर्काने हा परिणाम होतो त्यावरून ‘मूषक एकक’ मोजायचे. शुद्धीकरणाच्या प्रत्येक पायरीनंतर ही चाचणी करावी लागे, आणि कोणत्या भागात एकके वाढली, कोणत्यात हरवली, हे पाहूनच पुढची पायरी ठरे. बुटेनान्ट यांच्या प्रयोगशाळेत या चाचण्यांची जबाबदारी एरिका फॉन झीग्नर यांच्याकडे होती. १९३१ मध्ये दोघांचे लग्न झाले. रसायनाची वाट उंदरांच्या निकालावर चालत असल्यामुळे, या निकालांशिवाय स्फटिकांपर्यंत पोचणे अशक्य होते. श्रेय वाटताना हे काम सहसा ‘मदत’ या सदरात जमा होते, ते मला योग्य वाटत नाही.

१९२९ च्या शरद ऋतूत स्फटिक मिळाले. या पदार्थाला आज एस्ट्रोन म्हणतात. तो किंचित आम्लधर्मी असल्यामुळे अल्कलीच्या द्रावणात उतरतो आणि बाकीची चरबी मागे राहते, या गुणाचा उपयोग झाला; शिवाय अत्यंत कमी दाबाखाली तो न जळता उडवून पुन्हा गोठवता येतो. मात्र या शर्यतीत बुटेनान्ट एकटे नव्हते. अमेरिकेतील सेंट लुइस येथे डॉइझी यांनीही गर्भवतींच्या मूत्रातूनच हेच स्फटिक मिळवले होते आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बॉस्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ते जाहीरही केले होते, म्हणजे बुटेनान्ट यांच्या प्रकाशनाच्या काही आठवडे आधी. दोघांचे काम एकमेकांपासून स्वतंत्र होते. डॉइझी यांना पुढे नोबेल मिळाले, पण ते के जीवनसत्त्वावरील कामासाठी.

पंधरा मिलिग्रॅममध्ये काय दिसले

अँड्रोस्टेरोनची कथा याच साच्यात घडली, फक्त उंदरांच्या जागी कोंबडे आले. खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा सुकतो, आणि पुरुषी संप्रेरक टोचले की तो पुन्हा लाल होऊन वाढू लागतो. तुऱ्याची ही वाढ मोजून अर्काची ताकद ठरवत. कुर्ट चेर्निंग या सहकाऱ्यासह बुटेनान्ट यांनी या चाचणीच्या आधाराने पोलिसांच्या मूत्रातून १५ मिलिग्रॅम स्फटिक काढले.

माझ्या मते त्यांच्या बुद्धीचा खरा कस यापुढच्या टप्प्यात लागला. १५ मिलिग्रॅम हाती असताना रेणूची रचना ओळखणे म्हणजे वाड्याच्या चार विटा पाहून वाड्याचा नकाशा काढण्यासारखे होते. ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ प्रेगल यांनी काही मिलिग्रॅम पदार्थ जाळून त्यातील कार्बन आणि हायड्रोजनचे प्रमाण मोजण्याची पद्धत बसवली होती आणि तिच्यासाठी १९२३ चे नोबेल मिळवले होते. ती पद्धत नसती तर हा प्रयत्नच झाला नसता. बुटेनान्ट यांनी हिशेब मांडला : १९ कार्बन, ३० हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन, त्यांपैकी एक ऑक्सिजन अल्कोहोलातल्यासारखा, दुसरा कीटोनातल्यासारखा, दुहेरी बंध नाही, तेव्हा उरलेला सांगाडा चार वलयांचाच असला पाहिजे. आणि चार वलयांचा सांगाडा म्हणजे त्यांच्या गुरूंचे कोलेस्टेरॉलचे कूळ. पुरुषी संप्रेरक, स्त्री-संप्रेरक, कोलेस्टेरॉल आणि पित्ताम्ले हे सगळे एकाच घराण्यातले असावेत, हा तर्क त्यांनी जवळजवळ रिकाम्या हाताने मांडला.

तर्क मांडला तेव्हा खुद्द स्टेरॉलांची मान्य रचनाच चुकीची होती. १९३२ मध्ये इंग्लंडमध्ये जे. डी. बर्नाल यांनी क्ष-किरणांनी स्टेरॉलांचे स्फटिक तपासले, तेव्हा रेणूचा आकार जुन्या सूत्रात बसत नाही असे दिसले, आणि त्यावरून रोझेनहाइम व किंग यांनी दुरुस्त सूत्र मांडले. दुरुस्त सूत्रात बुटेनान्ट यांचे संप्रेरक अधिकच चपखल बसले. १९३४ मध्ये झुरिच येथे लेओपोल्ड रुझिच्का यांनी कोलेस्टेरॉलच्या कुळातूनच अँड्रोस्टेरोन तयार करून दाखवले आणि तर्कावर शिक्कामोर्तब झाले.

पन्नास हजार डुकरिणी आणि त्यानंतरचा बदल

१९३३ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी बुटेनान्ट डान्झिगच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथले मोठे काम प्रोजेस्टेरोनचे. अंडे बाहेर पडल्यावर अंडाशयात मागे उरतो तो पीतपिंड गर्भ टिकवणारा काही पदार्थ स्रवतो, हे अमेरिकेत जॉर्ज कॉर्नर आणि विलर्ड ॲलन यांनी १९२९ मध्ये सशांवर दाखवले होते : पीतपिंड काढलेल्या सशिणीचा गर्भ राहत नाही, पण पीतपिंडाचा अर्क टोचत राहिले तर तो टिकतो. या पदार्थासाठी मूत्राचा उपयोग नव्हता. पुन्हा कत्तलखान्याकडेच जावे लागले. सुमारे ५०,००० डुकरिणींचे अंडाशय गोळा झाले आणि त्यांतून १९३४ मध्ये सुमारे २० मिलिग्रॅम शुद्ध संप्रेरक निघाले.

त्याच वर्षी आणखी तीन ठिकाणी हेच संप्रेरक शुद्ध स्वरूपात हाती आले : अमेरिकेत, स्वित्झर्लंडमधील बाझेलमध्ये आणि ब्रेस्लाउमध्ये कार्ल स्लोटा यांच्याकडे. ब्रेस्लाउ हे तेव्हा जर्मनीतलेच शहर, आज ते पोलंडमध्ये व्रोत्सवाफ या नावाने ओळखले जाते. स्लोटा यांनी रेणूची रचनाही बरोबर सुचवली होती. नाझी राजवटीमुळे १९३५ मध्ये त्यांना देश सोडून ब्राझीलला जावे लागले. चार गटांत चुरशीची बरोबरी असताना, चौघांपैकी एक गट त्याच देशातून उखडला गेला जिथे बुटेनान्ट यांची वाट मोकळी होत होती, याची नोंद ‘कोण पहिले’ या चर्चेत झाली पाहिजे.

बुटेनान्ट आणि त्यांचे सहकारी उलरिश वेस्टफाल यांनी डुकरिणींवर थांबून राहण्याऐवजी सोयाबीनमधील स्टिग्मास्टेरॉल या वनस्पतिजन्य पदार्थापासून प्रोजेस्टेरोन तयार केले. या पायरीचे महत्त्व औषध कंपन्यांना लगेच कळले. रचना कळली की डोंगर उपसण्याची गरज संपते. स्वस्त आणि मुबलक अशा स्टेरॉलाची काटछाट केली की तेच संप्रेरक हाती येते. १९३५ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये एर्न्स्ट लाक्वर यांच्या गटाने बैलांच्या वृषणांतून टेस्टोस्टेरोन वेगळे काढले आणि त्याचे नामकरण केले, तेव्हा ते कोलेस्टेरॉलपासून बनवण्याची शर्यत काही आठवड्यांतच संपली. बुटेनान्ट आणि गुंटर हानिश यांचा शोधनिबंध २४ ऑगस्टला नियतकालिकाकडे पोचला, रुझिच्का आणि आल्बर्ट वेटश्टाइन यांचा ३१ ऑगस्टला. एकाच्या मागे शेरिंग, दुसऱ्याच्या मागे बाझेलची सिबा. पुढची कित्येक दशके बाजारात आलेल्या लैंगिक संप्रेरकांच्या औषधांचे मूळ या एका आठवड्यात शोधता येते.

डालेमची रिकामी खुर्ची

१९३५ मध्ये बुटेनान्ट अमेरिकेत जाऊन आले आणि हार्वर्डने त्यांना जागा देऊ केली. त्यांनी ती नाकारली. १९३६ मध्ये त्यांना बर्लिनच्या डालेम उपनगरातील कैसर विल्हेल्म जीवरसायन संस्थेचे संचालकपद मिळाले, आणि त्याच वर्षी १ मे रोजी ते नाझी पक्षाचे सदस्य झाले.

त्या खुर्चीवर आधी कार्ल नॉयबेर्ग बसत होते. किण्वनाच्या रसायनातील त्यांचे काम जगभर मान्य होते आणि जीवरसायन या विषयाची पायाभरणी करणाऱ्यांत त्यांची गणना होते. ते ज्यू असल्यामुळे १९३४ मध्ये त्यांना पद सोडायला लावण्यात आले. जर्मनीबाहेर पडून अनेक देशांतून भटकत ते १९४१ मध्ये अमेरिकेत पोचले आणि १९५६ मध्ये न्यूयॉर्क येथे वारले. बुटेनान्ट यांनी नॉयबेर्ग यांना काढले नाही. ती खुर्ची सरकारने रिकामी केली होती. पण ती रिकामी कशी झाली हे बर्लिनमधल्या कुठल्याही शास्त्रज्ञाला विचारून कळण्यासारखे होते, आणि ३३ वर्षांच्या माणसाला एवढे मोठे पद मिळण्याचे एक कारण त्यात होते. हार्वर्डचा पर्याय हाती असताना त्यांनी डालेम निवडले, त्यामुळे ‘दुसरा मार्ग नव्हता’ हा बचाव इथे लागू पडत नाही.

१९३९ च्या शरद ऋतूत नोबेल जाहीर झाले : अर्धे बुटेनान्ट यांना लैंगिक संप्रेरकांवरील कामासाठी, अर्धे रुझिच्का यांना पॉलिमिथिलीन आणि उच्च टर्पीनांवरील कामासाठी. छळछावणीत डांबलेले शांततावादी पत्रकार कार्ल फॉन ओसिएत्स्की यांना १९३५ चे शांतता पारितोषिक मिळाल्याने संतापलेल्या हिटलरने जानेवारी १९३७ मध्ये जर्मन नागरिकांना नोबेल स्वीकारण्यास बंदी केली होती. रिचर्ड कून, बुटेनान्ट आणि गेरहार्ट डोमाक या तिघांना त्यामुळे नकार कळवावा लागला. डोमाक यांना तर गेस्टापोने काही दिवस अटकेत ठेवले. बुटेनान्ट यांना पदक आणि मानपत्र १९४९ मध्ये मिळाले, रक्कम मात्र मुदत टळल्याने मिळाली नाही. या प्रसंगामुळे राजवटीने अन्याय केलेला शास्त्रज्ञ अशी त्यांची एक प्रतिमा नंतरच्या काळात उभी राहिली. प्रसंग खरा आहे. पण त्याच राजवटीत ते एका मोठ्या संस्थेचे संचालक होते आणि युद्धाची सहा वर्षे त्यांच्या संस्थेला पैसा, माणसे व साहित्य मिळत राहिले, हेही तितकेच खरे आहे.

नमुने

युद्धकाळातल्या चांगल्या कामाचीही नोंद हवी. प्राणिशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्यून यांच्यासह बुटेनान्ट यांनी कीटकांच्या डोळ्यांचा रंग कसा तयार होतो याचा माग काढला आणि एक जनुक बिघडले की रंग बनण्याच्या साखळीतील कायन्युरेनिन ही विशिष्ट कडी तुटते असे दाखवले. जनुक आणि रासायनिक क्रिया यांचा संबंध जोडणाऱ्या सुरुवातीच्या पुराव्यांपैकी हा एक होय.

डालेममध्येच, चालत जाण्याच्या अंतरावर, कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था होती आणि तिचे संचालक ओटमार फॉन फेरशुअर हे वंशशुद्धीच्या विचाराचे पुरस्कर्ते होते. त्यांचा पूर्वीचा सहायक योझेफ मेंगेले आउश्विट्झच्या छळछावणीत डॉक्टर म्हणून काम करत होता. फेरशुअर यांना ‘विशिष्ट प्रथिने’ या प्रकल्पात निरनिराळ्या वंशांच्या रक्तातील प्रथिनांत फरक शोधायचा होता. त्यासाठी मेंगेले छावणीतून रक्ताचे नमुने पाठवत असे, हे फेरशुअर यांनी स्वतःच १९४४ मध्ये संशोधन-अनुदानाच्या अहवालात लिहिले आहे. त्याच वर्षीच्या एका पत्रात वेगवेगळ्या वंशांच्या दोनशेहून अधिक व्यक्तींच्या रक्ताचे नमुने तयार असल्याचे ते सांगतात. या नमुन्यांवरील जीवरासायनिक कामासाठी त्यांच्याबरोबर असलेले गुंटर हिलमान हे बुटेनान्ट यांच्या संस्थेतले संशोधक होते.

इथे शब्द जपून वापरायला हवेत. खुद्द बुटेनान्ट यांनी हे नमुने हाताळले नाहीत. त्यांची बहुतेक संस्था बाँबहल्ल्यांमुळे ट्युबिंगेनला हलवली जात होती. नमुने कोठून येतात हे त्यांना माहीत होते असे थेट सिद्ध करणारा कागद इतिहासकारांच्या हाती लागलेला नाही. या प्रयोगात कैद्यांना क्षयाची लागण केली गेली असा तर्क एके काळी मांडला गेला होता. अलीकडच्या तपासणीत तो टिकला नाही आणि हा रक्तावरून वंश ओळखण्याचा प्रयत्न होता असे दिसले. तरीही ज्या संचालकाने कोंबड्याच्या तुऱ्याच्या मिलिमीटरचा हिशेब ठेवून विज्ञान उभे केले, त्याच्या संस्थेच्या माणसाकडे येणाऱ्या दोनशे नमुन्यांचे मूळ कोणी विचारलेच नाही, ही गोष्ट अपघाताच्या खात्यात टाकता येत नाही, असे माझे मत आहे.

१९४९

या प्रकरणात एकच वर्ष निवडायचे झाले तर मी १९३९ सोडून १९४९ निवडीन. त्या वर्षी बुटेनान्ट यांच्या हाती दहा वर्षे थांबलेले नोबेल पदक आले. त्या वर्षी ट्युबिंगेनमधील त्यांची संस्था कैसर विल्हेल्म संस्थेची वारसदार असलेल्या नव्या माक्स प्लांक संस्थेच्या छत्राखाली आली. आणि त्याच वर्षी त्यांनी माक्स हार्टमान, वोल्फगांग हॉयब्नर आणि बोरिस रायेव्स्की या तीन मान्यवरांबरोबर एका निवेदनावर सही केली. फेरशुअर यांना पुन्हा विद्यापीठात जागा द्यावी का, या प्रश्नावर ते निवेदन होते आणि त्याचा कौल फेरशुअर यांच्या बाजूने होता. मेंगेलेने रक्ताचे नमुने पाठवले त्या काळात खुद्द मेंगेलेला आउश्विट्झमधील हत्यांची कितपत कल्पना होती हे उपलब्ध कागदपत्रांवरून सांगता येत नाही, अशा आशयाचे वाक्यही त्यात होते.

मेंगेले हा त्या छावणीतला डॉक्टर होता. गाडीतून उतरणाऱ्या माणसांपैकी कोण कामाला जाईल आणि कोण गॅसकोठडीत, हे ठरवणाऱ्यांमध्ये तो होता. त्याला कल्पना असण्याविषयी शंका व्यक्त करणारे वाक्य चार नामवंत शास्त्रज्ञ सहीनिशी लिहितात, तेव्हा पुराव्याचा निकष कुणासाठी किती कडक ठेवायचा याचा निर्णय त्यांनी आधीच घेतलेला असतो. १५ मिलिग्रॅमवरून चार वलये ओळखणाऱ्या माणसाला दोनशे नमुन्यांवरून काहीच ओळखता आले नाही. फेरशुअर १९५१ मध्ये म्युन्स्टर येथे प्राध्यापक झाले.

पाच लाख पतंग

१९५६ मध्ये बुटेनान्ट यांची संस्था म्युनिकला गेली. त्याआधी पेटर कार्लसन यांच्यासह त्यांनी १९५४ मध्ये ५०० किलो रेशीमकिड्यांच्या कोषांतून २५ मिलिग्रॅम एक्डायसोन काढले होते; हे कीटकांना कात टाकायला लावणारे संप्रेरक आहे. मग १९५९ मध्ये, सुमारे वीस वर्षांच्या चिकाटीनंतर, त्यांच्या गटाने रेशमाच्या मादी पतंगाचा गंध ओळखला. सुमारे ५,००,००० माद्यांच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथी कापून काढाव्या लागल्या आणि त्यांतून हाती आलेला शुद्ध पदार्थ काही मिलिग्रॅमच होता. चाचणी पुन्हा सजीवाचीच होती : काचेच्या कांडीवर अर्काचा थेंब घेऊन नर पतंगाजवळ धरायचा, त्याने पंख फडफडवले की अर्कात गंध आहे. त्या पदार्थाला त्यांनी बॉम्बिकॉल हे नाव दिले, आणि त्याच वर्षी कार्लसन आणि मार्टिन ल्युशर यांनी अशा पदार्थांसाठी फेरोमोन हा शब्द रूढ केला.

विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादकाला या शोधाचे फळ वेगळ्या नावाने माहीत आहे. गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव ओळखण्यासाठी शेतात लावतात ते कामगंध सापळे याच तत्त्वावर चालतात. सापळ्यातील गोळीत बॉम्बिकॉल नसते, बोंडअळीच्या मादीचा गंध कृत्रिमरीत्या बनवून घातलेला असतो, आणि नर पतंग त्याच्या मागे येऊन अडकतो. कापूस उत्पादकाला रोज सकाळी सापळ्यातले पतंग मोजावे लागतात, तेही मुळात बुटेनान्ट यांच्याच पठडीतले मोजमाप आहे.

दप्तर उघडल्यावर

१९६० मध्ये ओटो हान यांच्यानंतर बुटेनान्ट माक्स प्लांक संस्थेचे अध्यक्ष झाले आणि १९७२ पर्यंत राहिले. पश्चिम जर्मनीतील विज्ञान जगाच्या पहिल्या रांगेत परतले त्यात त्यांचा वाटा मोठा होता, याबद्दल वाद नाही. युद्धकाळाविषयी संस्थेने या वर्षांत स्वतःला कोणतेही गंभीर प्रश्न विचारले नाहीत, याबद्दलही नाही. १९८० च्या दशकापासून जीवशास्त्रज्ञ बेनो म्युलर-हिल यांनी ते विचारायला सुरुवात केली. १८ जानेवारी १९९५ रोजी बुटेनान्ट म्युनिक येथे वारले.

दोन वर्षांनी, १९९७ मध्ये, माक्स प्लांक संस्थेने नाझी काळातील कैसर विल्हेल्म संस्थेच्या इतिहासासाठी इतिहासकारांचा एक आयोग नेमला. जून २००१ मध्ये बर्लिन येथे भरलेल्या परिषदेत तत्कालीन अध्यक्ष हुबर्ट मार्कल यांनी संस्थेच्या वतीने जाहीर क्षमा मागितली. त्या सभागृहात मेंगेलेच्या प्रयोगांतून वाचलेली काही जुळी भावंडे, आता साठी-सत्तरीतली, बसलेली होती. त्यांच्यातल्या एव्हा मोझेस कोर व्यासपीठावर जाऊन बोलल्या.